वाल्देमार हाफकिन : गाठीच्या तापाशी झुंजलेला माणूस

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. सर्पदंशावरचे औषध हाफकिनचे, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची सुई हाफकिनची, पोलिओचे थेंब हाफकिनचे, असे ऐकतच आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. साखळी, डिचोली, पेडणे या भागातील कितीतरी घरांतील कोणी ना कोणी पोटापाण्यासाठी मुंबईला जाऊन राहिलेले असते, त्यामुळे गिरगाव, माझगाव, भायखळा, परळ ही नावे आपल्याला परकी नाहीत. तरीही हाफकिन हे एका माणसाचे नाव होते, हे अनेकांच्या ध्यानात नसते. हा माणूस इंग्रज नव्हता, भारतीय नव्हता आणि रूढ अर्थाने डॉक्टरही नव्हता. तो प्राणिशास्त्राचा अभ्यासक होता, आणि प्लेगवरची पहिली परिणामकारक लस त्याने मुंबईत, अवघ्या तीन महिन्यांत तयार केली.

या कथेत गोमंतकाचा वाटा मोठा आहे. मुंबईतला प्लेग ज्यांनी प्रथम ओळखला, ते डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस हे बार्देशातील हडफड्याचे. आणि हाफकिन यांच्या लशीच्या बाजूने मोठा पुरावा मिळाला तो आपल्याप्रमाणेच तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या दमणमध्ये. म्हणून आपल्या मंडळाच्या सभासदांनी आणि विशेषतः तरुण मुलांनी हे चरित्र जाणून घ्यावे, असे वाटते.

ओदेसा ते पॅरिस

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओदेसा शहरात, एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. ओदेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. शाळा बर्द्यान्स्क गावात झाली आणि १८७९ मध्ये ते ओदेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांना आयुष्यभराचे गुरू लाभले. ते म्हणजे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक इल्या मेच्निकॉव्ह.

१८८१ मध्ये रशियाच्या सम्राटाचा खून झाला आणि त्याचे निमित्त करून दक्षिण रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओदेसातील ज्यू तरुणांनी संरक्षणासाठी तुकड्या उभारल्या, त्यांत हाफकिन होते. ते जखमी झाले, पकडलेही गेले. मेच्निकॉव्ह यांनी रदबदली केली म्हणून सुटका झाली. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांची पात्रता सर्वांना मान्य होती, पण ज्यू माणसाला प्राध्यापकपदाची वाट बंद होती. रशियन ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला तर ती उघडणार होती. हाफकिन यांनी नकार दिला आणि ओदेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील साध्या जागेवर काम करीत राहिले.

याच काळात, १८८२ मध्ये, गुरूंच्या हातून एक मोठा शोध लागला. मेच्निकॉव्ह तेव्हा इटलीतील मेसिना येथे राहत होते. तारामाशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या अंगात त्यांनी बारीक काटे टोचले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती शरीरातील फिरत्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. बाहेरून आलेल्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या या पेशींना पुढे भक्षक पेशी हे नाव मिळाले. रोगाशी लढण्याची ताकद आपल्या अंगातील जिवंत पेशींत असते, असे मेच्निकॉव्ह सांगू लागले. ती ताकद पेशींत नसून रक्तातील द्रवात असते, असे जर्मनीतील अनेक विद्वानांचे म्हणणे होते. हा वाद पुढे कित्येक वर्षे रंगला.

हाफकिन याच मुशीतून घडले. त्यांचे सुरुवातीचे संशोधन पाण्यातील एकपेशीय जीवांवर होते. अशा जीवाच्या पेशीकेंद्रात घुसून राहणाऱ्या जिवाणूंचे वर्णन त्यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केले. जंतू आणि पेशी यांचा आमनासामना कसा होतो, हा त्यांच्या कुतूहलाचा विषय होता.

१८८८ मध्ये त्यांनी रशिया सोडला. काही काळ जिनीव्हात काढून १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोचले. मेच्निकॉव्ह तिथे आधीच आले होते. पण संस्थेत एकच जागा रिकामी होती, ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. हाफकिन यांनी ती घेतली आणि पुस्तकांचे काम सांभाळून प्रयोग सुरू केले.

स्वतःच्या अंगावर पहिला प्रयोग

त्या वर्षांत पटकीने जगभर थैमान घातले होते. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस बनवली. जनावरांवर ती यशस्वी ठरली, पण माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले आणि काही दिवसांत सारे निवळले. मग तीन रशियन मित्रांनी टोचून घेतली. त्यांनाही काही अपाय झाला नाही.

आता खरी परीक्षा पटकीच्या मुलखात व्हायला हवी होती. रशियाने त्यांना दारातून परत पाठवले. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी हाफकिन यांना हिंदुस्थानात जाण्याची वाट करून दिली आणि मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले.

इथे लोकांचा अविश्वास होता आणि सरकारी डॉक्टरांचीही नाराजी होती. वैद्यकीची पदवी नसलेला रशियन माणूस सुई घेऊन फिरतो, हे त्यांना रुचणारे नव्हते. तरी पहिल्या वर्षात उत्तर हिंदुस्थानात २२ हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काट्टल बागान वस्तीत पटकी शिरली, तेव्हा सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर तिथे १० जणांना पटकी झाली, ७ दगावले, आणि हे सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. गावोगाव फिरून हाफकिन यांना मलेरियाने गाठले. १८९५ मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी त्यांना इंग्लंडला परतावे लागले. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले.

मुंबईचा प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात लोक अचानक तापाने मरू लागले. काखेत किंवा जांघेत मोठी दुखरी गाठ यायची, शुद्ध हरपायची आणि दोन-चार दिवसांत सगळे संपायचे. डॉ. व्हिएगस तिथल्या गल्ल्यांत रोगी तपासत होते. हा गाठीचा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखले आणि उघडपणे सांगितले. व्यापाराचे शहर आणि बंदर धोक्यात येणार म्हणून ते ऐकण्याची अनेकांची तयारी नव्हती. पण व्हिएगस आपल्या निदानावर ठाम राहिले आणि ते खरे ठरले. त्यांचा पुतळा मुंबईत धोबीतलावच्या चौकात आजही उभा आहे.

मुंबई ओस पडू लागली. कोकणातील आणि गोव्यातील चाकरमानी मिळेल त्या गलबताने, आगबोटीने गावाकडे निघाले. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारने सक्तीचे उपाय आरंभले. सोजिरांकरवी घरझडती, रोग्यांना उचलून नेणे, सामान जाळणे यांनी लोक रोगाइतकेच सरकारलाही भिऊ लागले. त्याच संतापातून जून १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली.

अशा मुंबईत हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि लगतची पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. काम इतके जोखमीचे आणि अखंड होते की मदतनीस टिकेनात. एकाची प्रकृती ढासळली, दोघे सोडून गेले.

लस करण्याची रीत त्यांनी इथल्या परिस्थितीप्रमाणे बसवली. मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे होते. गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले तर कोणी ना कोणी लस नाकारणार, म्हणून बोकडाचे मांस घेतले. अर्काच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतू वाढत आणि छताला लोंबणाऱ्या जाळ्यांसारख्या झुरमुळ्या खाली उतरत. बाटली हलवली की त्या तळाशी बसत आणि वर नवे पीक येई. काही आठवड्यांनी बाटली तापवून जंतू मारले जात आणि त्यात थोडे कार्बॉलिक ॲसिड घातले जाई. घरोघरी असणारे तूप प्रयोगशाळेत असे उपयोगी पडले.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा इतरांना देणार होते त्याहून पुष्कळ मोठी, १० घनसेंटिमीटर. जोरदार ताप भरला, हात ठणकला, पण ते बरे झाले. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारून, जे तयार झाले त्यांनाच लस टोचण्यात आली. ते साधारण निम्मे होते. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यांतले ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले.

मग लोक पुढे येऊ लागले. तरुण आगाखान यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले, आपल्या खोजा समाजाला तसे करण्यास सांगितले आणि प्रयोगशाळेसाठी माझगावचा खुश्रू लॉज हा बंगला दिला. मुंबईतील खोजांपैकी हजारोंनी लस घेतली. सोजिरांच्या धाकाने जे झाले नव्हते, ते आपल्यातल्याच माणसाने दंड पुढे केल्यावर झाले.

दमणचा पुरावा

१८९७ च्या उन्हाळ्यात प्लेग दमणला पोचला. दमणचा कारभार पणजीहून चाले. पोर्तुगीज सरकारने गावाची नाकेबंदी केली, त्यामुळे लोक बाहेर पळू शकले नाहीत. हाफकिन यांची लस तिथे नेण्यात आली आणि ज्यांना हवी होती त्यांनी ती घेतली. एकाच गावात, एकाच साथीत, टोचलेले आणि न टोचलेले शेजारी शेजारी राहत होते. त्यामुळे दोघांचा हिशेब नेमका मांडता आला.

लस घेतलेले २,१९७ होते, त्यांतले ३६ मरण पावले. लस न घेतलेले ६,०३३ होते, त्यांतले १,४८२ मरण पावले. म्हणजे एकीकडे शंभरात दोनसुद्धा नाहीत आणि दुसरीकडे शंभरात जवळजवळ पंचवीस. या आकड्यांमागे दमणमधील एकेक घर आहे. चार माणसांच्या कुटुंबातले एक माणूस गेले, असा तो हिशेब होतो.

पण लस घेणारी माणसे मुळातच सुस्थितीतील आणि काळजी घेणारी असतील, म्हणून वाचली असतील, अशी शंका घेता येत होती. ती दूर करण्यासाठी फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंढेरा गावी घराघरांची यादी करून प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस दिली गेली. घर तेच, जेवण तेच, हवा-पाणी तेच. ज्या २८ घरांत प्लेग आला, तिथे टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. नव्या औषधाची पारख न्यायाने कशी करावी, याचा हा त्या काळातील उत्तम नमुना आहे.

गाठीत काय घडते?

लस उपयोगी पडते, हे हाफकिन यांना आकड्यांनी कळले. ती का उपयोगी पडते, हे मात्र त्या काळी कोणालाच पुरते ठाऊक नव्हते. आज आपण ते बऱ्याच अंशी सांगू शकतो, आणि त्याचे सूत्र त्यांच्या गुरूंच्या भक्षक पेशींपाशीच सुरू होते.

आपल्या त्वचेत आणि मांसात पहारा देणाऱ्या काही पेशी असतात. त्यांना फांद्यांसारखे अवयव असतात, म्हणून त्यांना शाखायुक्त पेशी म्हणतात. बाहेरचा जंतू दिसला की त्या त्याला गिळतात आणि त्याचे तुकडे करतात. पण गिळून त्या थांबत नाहीत. त्यांतले निवडक तुकडे त्या आपल्या पृष्ठभागावर मांडतात आणि वाट धरतात जवळच्या लसिका ग्रंथीची. हाताला सुई टोचली तर काखेतली गाठ, पायाला जखम झाली तर जांघेतली गाठ. तिथे लढाऊ पांढऱ्या पेशींचा मेळा असतो. गावचा राखणदार चोराची वहाण घेऊन मांडावर यावा आणि जमलेल्या प्रत्येकाला ती दाखवून, ही कोणी ओळखतो का असे विचारावे, तसे हे आहे. हजारो पेशींपैकी एखादीलाच तो तुकडा जुळतो. ती जागी होते, स्वतःच्या असंख्य प्रती बनवते आणि लढाई सुरू होते. काही पेशी प्रतिपिंडे बनवण्यास मदत करतात, काही थेट मारायला धावतात, आणि काही लढाई संपल्यावरही आठवण जपून राहतात. जंतूचा जो भाग असा ओळखला जातो, त्याला प्रतिजन म्हणतात.

आता प्लेगची भयानकता ध्यानात येते. पिसवाच्या चाव्यातून आत शिरलेला हा जंतू भक्षक पेशींना चकवतो. काही पेशींनी गिळले तरी तो आत जिवंत राहतो आणि त्यांच्याबरोबर नेमका गाठीपर्यंत पोचतो. जिथे शरीराने शत्रूची ओळख करून घ्यायची, तेच ठिकाण तो बळकावतो. प्लेगची ती मोठी दुखरी गाठ म्हणजे बळकावलेली लसिका ग्रंथी होय. हाफकिन यांच्या लशीतील जंतू मेलेले होते, त्यांना वाढता येत नव्हते. पण त्यांचे तुकडे त्याच वाटेने गाठीत पोचून ओळख पटवून देत होते. टोचल्यावर येणारा ताप आणि ठणका म्हणजे त्या तयारीची खूण होती.

विषाणूंच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. देवी, पोलिओ, कोविड यांचे विषाणू आपल्याच पेशीत लपून वाढतात. तिथे प्रतिपिंडांचा हात पोचत नाही. मग आजारी पेशी ओळखायची कशी? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला आत काय चालले आहे, त्याचे नमुने दारात मांडून ठेवण्याची सवय असते. त्यांत विषाणूचा तुकडा दिसला की मारक पेशी ती पेशीच नष्ट करतात. मात्र हा तुकडा पेशीच्या स्वतःच्या खुणेबरोबर मांडलेला असेल तरच तो ओळखला जातो, हे १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले. त्यांना १९९६ मध्ये नोबेल मिळाले. ही खूण माणसागणिक वेगळी असते. एकाच घरात एकाच विषाणूने एक जण अंथरुणाला खिळतो आणि दुसरा दोन दिवसांत उठतो, यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. शाखायुक्त पेशींचे कार्य उलगडणाऱ्या राल्फ स्टाइनमन यांना २०११ मध्ये नोबेल जाहीर झाले.

पेशी मोठ्या की रक्तातील द्रव मोठा, हा जुना वाद इथे मिटतो. गिळणारी पेशी तुकडा दाखवते, म्हणून नेमके प्रतिपिंड बनते. गुरूंनी दोराचे एक टोक धरले होते, शिष्याने दुसरे. दोन्ही टोकांची गाठ बसते ती काखेतल्या त्या लहानशा गाठीत.

मुलकोवालचा घाव

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. हाफकिन तिचे प्रमुख. इथून देशोदेशी लस जाऊ लागली. आणि यश शिखरावर असतानाच मोठा आघात झाला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी ५३ एन या क्रमांकाच्या बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, त्या सर्वांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. रोगापासून वाचण्यासाठी दंड पुढे केलेली ही साधी खेड्यातील माणसे होती.

चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. वाढती मागणी भागवण्यासाठी हाफकिन यांनी लशीत कार्बॉलिक ॲसिड घालण्याऐवजी केवळ उष्णतेने जंतू मारण्याची पद्धत घेतली होती, त्यावर बोट ठेवले गेले. त्यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले. प्लेगने लाखो बळी घेण्याची ती वर्षे होती, आणि त्याच वर्षांत लशीवरचा लोकांचा विश्वास डळमळला.

खरे काय घडले होते, ते कागदपत्रांत दडलेले होते. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढण्यात आले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ती बाटली कित्येक दिवस आधी परळला भरलेली होती. तेव्हाच ती दूषित झाली असती, तर उघडताना तिला उग्र दुर्गंध आला असता. तसा वास आला नव्हता, असे टोचणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले होते. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासून चूक मुलकोवालमध्येच घडल्याचा निष्कर्ष काढला. विल्यम सिम्प्सन आणि मलेरिया डासांमार्फत पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह मान्यवर शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये वृत्तपत्रातून हाफकिन यांची बाजू मांडली. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला.

पण पाच वर्षे गेली होती. हाफकिन कलकत्त्याला परतले. परळची जागा त्यांना परत मिळाली नाही, नव्या लशी माणसांवर तपासून पाहण्याचे कामही नाही. मुकाट्याने प्रयोगशाळेत काम करून ते १९१४ मध्ये निवृत्त झाले.

अखेरची वर्षे

निवृत्तीनंतर हाफकिन फ्रान्समध्ये आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये राहिले. त्यांनी लग्न केले नाही. ज्या धर्मासाठी तरुणपणी प्राध्यापकपद सोडले, त्याचे आचरण उतारवयात ते काटेकोरपणे करू लागले. आयुष्यभराची शिल्लक त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांतील शिक्षणासाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. त्या वर्षापर्यंत तिथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. नाव दिले गेले तेव्हा ते हयात होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

त्यांची प्लेगची लस परिपूर्ण नव्हती. तिचे संरक्षण काही महिने टिके आणि टोचल्यावर त्रास बराच होई. पुढे प्लेगवर गुणकारी औषधे निघाली आणि ती लस मागे पडली. राहिली ती त्यांची रीत. आधी स्वतःला टोचायचे, लोकांच्या मर्जीने द्यायचे, आणि टोचलेले व न टोचलेले यांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा.

आपल्या परिसराला तिची गरज आजही आहे. २०१५ पासून शेजारच्या सत्तरीतील काही गावांत, तसेच पलीकडे दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या भागात माकडतापाने डोके वर काढले. ऐन काजूच्या दिवसांत रानात जाणाऱ्यांना गोचिडीच्या चाव्यातून होणारा हा विषाणूंचा आजार. त्यावरची लस मारलेल्या विषाणूंचीच होती. पण तिचे संरक्षण फार टिकत नव्हते, मात्रा पुन्हा पुन्हा घ्याव्या लागत, आणि पुढे ती अपुरी पडते असे दिसल्याने थांबवण्यात आली. गोचीड अंगाला लागू न देणे, ताप आल्यास लगेच आरोग्य केंद्र गाठणे आणि चांगल्या लशीची वाट पाहणे, हेच सध्या हाती आहे. ती लस जेव्हा येईल, तेव्हा तिचीही पारख दमण आणि उंढेऱ्यासारख्या हिशेबानेच करावी लागेल.

मुंबईला गेलात तर परळच्या त्या जुन्या वास्तूवरून नक्की जा. आणि घरातील लहानग्याला डोस दिल्यावर रात्री ताप आला, दंड दुखू लागला, तर त्याला जवळ घेऊन हाफकिन यांची गोष्ट सांगा.